लाल दिवा आणि ८.८.८.८

ऐकायला वेळ नाही म्हणून वाचायला आलेल्यांचं वेगळं स्वागत. बोलताना दोनतीनदा अडखळलो होतो, ते इथे गाळलंय. बाकी जसं बोललो तसंच.

आजचा भाग एका माफीने सुरू करतो. माफी माझ्या मावसबहिणीची.

ती सांगलीत असते. गेल्या वर्षी तिचा एक व्हिडिओ इंटरव्ह्यू होता, सकाळी अकराचा. आदल्या रात्री फोन आला, "दादा, नेट सारखं जातंय. दहा मिनिटं चालतं, मग गायब. काहीतरी सांग ना." आता मी बीटेक, त्यात सॉफ्टवेअरवाला. म्हणजे आमच्या नात्यागोत्यातल्या प्रिंटरपासून टीव्हीच्या रिमोटपर्यंत सगळ्याचा डॉक्टर मीच. मी एकही प्रश्न विचारला नाही. थेट म्हणालो, "डीएनएस बदल. आठ, आठ, आठ, आठ टाक." तिने टाकलं, राउटर बंद करून चालू केला, अर्धा तास नेट छान चाललं. आम्ही दोघं खूश.

दुसऱ्या दिवशी इंटरव्ह्यूत तीनदा कॉल कट झाला. तिसऱ्यांदा ती परत जोडली गेली तेव्हा समोरचे लोक निघून गेले होते.

दोन दिवसांनी केबलवाला आला. कपाट भिंतीला सरकवताना मागची फायबरची वायर दबून मुडपली होती. वायर बदलायला त्याला पाच मिनिटंही लागली नाहीत. राउटरवरचा एलओएसचा दिवा अधूनमधून लाल होतोय, हे मावशीने आठवडाभर आधीच पाहिलं होतं. पण तिला कोणी विचारलंच नव्हतं.

ती नोकरी काही मिळाली नाही. बहीण मला एका शब्दाने बोलली नाही, आणि मला तेच जास्त लागलं.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात होता. मी ८.८.८.८ का म्हणालो? कॉलेजच्या होस्टेलवर कोणीतरी सांगितलेलं, मी पुढे दहा जणांना सांगितलेलं. कंबर दुखते, तर हळद-दूध घे, तसं. हा नंबर सगळ्या जगाचं घरगुती औषध कसा झाला? शोधायला बसलो आणि मागे मागे जात १९७२ सालात पोचलो.

अमेरिकेत कॅलिफोर्नियात मेन्लो पार्क नावाचं गाव आहे. तिथल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर नावाच्या बाई होत्या. सगळे त्यांना जेक म्हणायचे. शिक्षण रसायनशास्त्राचं, कॉम्प्युटरचं नाही. १९७२ पासून त्यांच्याकडे अर्पानेटच्या माहिती केंद्राचं काम आलं. अर्पानेट म्हणजे आजच्या इंटरनेटचं आजोबा-नेटवर्क. विद्यापीठं, संशोधन संस्था, लष्कराची केंद्रं यांची मोजकी मशीनं एकमेकांना जोडलेली.

मशीन एकमेकांना नंबरने ओळखतात. माणसांना नंबर लक्षात राहत नाहीत. म्हणून एक फाइल होती, नाव होस्ट्स डॉट टीएक्सटी. एका बाजूला मशीनचं नाव, दुसऱ्या बाजूला नंबर. अख्ख्या नेटवर्कची एकच यादी, आणि ती जेकबाईंच्या टीमकडे. तुमच्या विद्यापीठात नवीन मशीन आलं की तुम्ही त्यांना कळवायचं. त्या बघणार की हे नाव आधी कोणी घेतलंय का, मग यादीत ओळ घालणार. बाकीच्या सगळ्यांनी अधूनमधून ती फाइल उतरवून घ्यायची. ऑफिस बंद असेल तर थांबायचं, सोमवारी या. आपल्या तलाठी ऑफिसातल्या सातबाऱ्याची आठवण येते की नाही? फरक इतकाच, की इथलं काम चोख होतं असं सगळेच सांगतात.

त्या फाइलचा वंशज आजही तुमच्या लॅपटॉपमध्ये आहे बरं का. होस्ट्स नावाची एक छोटी फाइल असते, आणि कॉम्प्युटर बाहेर कोणाला विचारायच्या आधी तिच्यात डोकावतो. पन्नास वर्षं झाली, कोणी काढली नाही.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला यादी फुगायला लागली. मशीन वाढली म्हणजे ओळी वाढल्या, आणि फाइल उतरवून घेणारेही वाढले. दोन्हीकडून ओझं. तुमच्यापर्यंत फाइल येईपर्यंत ती शिळी झालेली असायची. 'मर्क्युरी', 'अपोलो' अशी चांगली नावं पटापट संपली ते वेगळंच. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या एका संस्थेत जॉन पोस्टेल यांनी पॉल मॉकापेट्रिस नावाच्या तरुणाला सांगितलं की यावर पाच प्रस्ताव आलेत, त्यातून एक तडजोड काढ. या पठ्ठ्याने पाचही बाजूला ठेवले आणि स्वतःचं सहावंच काढलं. नोव्हेंबर १९८३ मध्ये आरएफसी ८८२ आणि ८८३ असे दोन दस्तऐवज निघाले. तीच डोमेन नेम सिस्टिम, म्हणजे आपलं डीएनएस. मॅनेजरने दिलेलं तिकीट बाजूला ठेवून भलतंच काही बनवायचं आणि ते चाळीस वर्षं चालायचं, हे नशीब आमच्या धंद्यात फार कोणाला मिळत नाही.

त्याची कल्पना ऐकायला साधी आहे. एक मोठी यादी ठेवूच नका. वाटून टाका. सगळ्यात वरती जे बसलेत त्यांना म्हणतात रूट. त्यांना फक्त एवढंच ठाऊक, की डॉट कॉमवाले कुठे बसतात, डॉट इनवाले कुठे बसतात. डॉट इनवाल्यांना ठाऊक की अमुक नाव कोणाकडे. आणि त्या नावाच्या मालकाला ठाऊक त्याच्या घरातलं. अनोळखी गावात पत्ता शोधतो तसंच. स्टँडवर विचारायचं पेठ कुठली, पेठेत विचारायचं गल्ली कुठली, गल्लीत विचारायचं जोशींचं घर कुठलं. आणि एकदा उत्तर मिळालं की ते ठरावीक वेळ लक्षात ठेवायचं, म्हणजे दरवेळी स्टँडपासून सुरुवात नको.

आपल्याकडचा डॉट इन १९८९ सालचा आहे, आणि त्याची व्यवस्था बरीच वर्षं मुंबईत होती, जुहूच्या एनसीएसटी या सरकारी संस्थेकडे. नियम इतके कडक, की १९९२ ते २००४ या काळात जेमतेम सात हजार नावं दिली गेली. २००५ मध्ये दार मोकळं झालं. २०१४ पासून तर डॉट भारत देवनागरीत मिळतं, मराठीसकट. पण हा वेगळ्या भागाचा विषय आहे, आपण परत गल्लीत येऊ.

गल्लीत गोम अशी आहे की तुमचा फोन ही विचारपूस स्वतः करत नाही. तो एका माणसाला पाठवतो. जा रे, अमुक साइटचा नंबर विचारून ये. या निरोप्याला रिझॉल्व्हर म्हणतात, आणि बोलीभाषेत आपण 'डीएनएस सर्व्हर' म्हणतो तो हाच. तुम्ही काही बदललं नसेल तर नेट कनेक्शन देणारी कंपनी तिचाच निरोप्या तुम्हाला लावून देते. आता विचार करा. हा निरोप्या तुम्ही कुठे कुठे जाता ते सगळं ऐकतो. आणि त्याने खोटा पत्ता सांगितला, तर तुम्ही डोळे मिटून त्या पत्त्यावर जाणार. १९८३ मध्ये सगळे एकमेकांना ओळखत होते, त्यामुळे खोटं कोण बोलेल हा प्रश्नच कोणाला पडला नाही. उत्तरावर सही नाही, शिक्का नाही.

पुढची सगळी गोष्ट या न मारलेल्या शिक्क्याची आहे.

१५ सप्टेंबर २००३. डॉट कॉम आणि डॉट नेटची यादी सांभाळणाऱ्या व्हेरिसाइन कंपनीने एक शक्कल काढली. कोणी चुकीचं स्पेलिंग टाकलं, तर 'असं नावच नाही' हे खरं उत्तर देण्याऐवजी त्याला कंपनीच्या स्वतःच्या शोध-पानावर न्यायचं. जगभरातल्या टायपोवर धंदा! इंजिनिअर लोक खवळले, कारण स्पॅम ओळखणारी कित्येक सॉफ्टवेअर 'असं नावच नाही' या उत्तरावर चालत होती. शेवटी इंटरनेटच्या नावांचा कारभार बघणाऱ्या आयकॅनने दम दिला, आणि ४ ऑक्टोबरला ते बंद झालं. पण कल्पना मेली नाही. ती खाली झिरपली, नेट कनेक्शनवाल्यांकडे. चुकीचा पत्ता टाकला की जाहिरातींचं पान उघडतं, हे तुमच्यापैकी ज्यांनी जुनं ब्रॉडबँड वापरलंय त्यांनी पाहिलं असेल. मी पाहिलंय. मला वाटायचं, नेटच असं असतं.

दुसरी घटना जास्त भीतीदायक आहे. डीएनएसचेंजर नावाचा व्हायरस. एस्टोनियातल्या काही लोकांनी पसरवलेला. हा व्हायरस फाइली उडवत नव्हता, पैसे मागत नव्हता. तो एकच करायचा, कॉम्प्युटरमधला डीएनएस सर्व्हरचा नंबर बदलायचा. कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवला असेल तर राउटरमधलाही. झालं. आता तुमचा निरोप्या त्यांचा माणूस. बहुतेक वेळा तो खरं सांगायचा, त्यामुळे संशय यायचा नाही. अधूनमधून जाहिरातीच्या जागी त्यांची जाहिरात, एखाद्या दुव्याच्या जागी त्यांचा दुवा. १०० हून जास्त देशांत मिळून सुमारे ४० लाख कॉम्प्युटर, आणि कमाई १.४ कोटी डॉलरच्या आसपास.

नोव्हेंबर २०११ मध्ये एफबीआयने टोळी पकडली. आणि मग खरा पेच आला. त्यांचे सर्व्हर जप्त करून बंद केले, तर ज्यांचे कॉम्प्युटर त्या सर्व्हरना विचारतात त्या लाखो लोकांचं नेट त्याच क्षणी 'गेलं' असतं. लाइन चालू, दिवे हिरवे, आणि एकही साइट उघडत नाही. म्हणून न्यायालयाच्या परवानगीने त्याच नंबरांवर चांगले सर्व्हर बसवले, एका ना-नफा संस्थेने ते चालवले, आणि लोकांना सांगत राहिले की बाबांनो, सेटिंग तपासा. मुदत आधी मार्च २०१२ होती, ती वाढवून ९ जुलै २०१२ केली. सोमवार होता. 'सोमवारी इंटरनेट बंद पडणार' अशा बातम्या आपल्याकडेही झळकल्या. शेवटच्या दिवशीसुद्धा दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटर तसेच होते. आठ महिने सरकार, न्यायालय, कंपन्या सगळे ओरडत होते, आणि तरी दोन लाख! मला याचं आश्चर्य वाटत नाही. आपल्या घरचा डीएनएस कोणता आहे, हे आत्ता ऐकणाऱ्यांपैकी किती जण सांगू शकतील?

आता ८.८.८.८ कडे येऊ. नेटवाल्याचा निरोप्या नको असेल तर दुसऱ्याचा वापरा, ही सोय आधीपासून होती. ओपनडीएनएस २००६ मध्ये आलं. पण गूगलने ३ डिसेंबर २००९ ला स्वतःचा सर्व्हर सगळ्यांसाठी खुला केला आणि त्याला नंबर दिला ८.८.८.८. कमाल या नंबरची आहे. एकदा ऐकला की विसरत नाही, फोनवर आजीलाही सांगता येतो.

आणि भिंतीवर लिहिता येतो. मार्च २०१४, तुर्कस्तान. महिनाअखेर स्थानिक निवडणुका, सरकारवर भ्रष्टाचाराचे आरोप, ट्विटरवर फोन-संभाषणाच्या टेप फिरतायत. २० मार्चच्या रात्री ट्विटर बंद केलं. कसं बंद केलं? सुरुवातीला फक्त डीएनएसमधून. तिथल्या नेट कंपन्यांच्या निरोप्यांना सांगितलं, कोणी ट्विटरचा पत्ता विचारला तर भलताच सांगा. मग लोकांनी निरोप्याच बदलला. इस्तंबूलच्या भिंतींवर स्प्रेने ८.८.८.८ रंगवलं गेलं, त्याचे फोटो जगभर फिरले. मी तेव्हा शाळेत होतो. आज ते फोटो बघताना वाटतं, एका सर्व्हरचा पत्ता घोषणेसारखा भिंतीवर लिहिला जाण्याची ही बहुधा एकच वेळ असावी.

पण हे प्रकरण तिथे संपत नाही, आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या गोष्टीत पुढचा भाग नसतो. आधी सरकारने ट्विटरचे नंबरच अडवले. मग २९ मार्चला गूगलने जाहीर केलं, की तुर्कस्तानातल्या बहुतेक नेट कंपन्या आमची डीएनएस सेवा मध्येच अडवतायत. म्हणजे त्यांनी नेटवर्कमध्ये सांगून टाकलं, ८.८.८.८ इकडे राहतो, आमच्याकडे. लोक भरवशाने ८.८.८.८ ला विचारत होते आणि उत्तर देत होता तोच जुना निरोप्या, गूगलचा सदरा घालून. सही-शिक्का नसल्याचं हे फळ. एप्रिलच्या सुरुवातीला तिथल्या घटनात्मक न्यायालयाने निकाल दिल्यावर ट्विटर परत आलं.

यावरचा उपाय म्हणजे विचारपूसच कुलूपबंद करायची, म्हणजे मधल्याला ऐकूही येणार नाही आणि सोंगही घेता येणार नाही. त्याचे मानक २०१६ आणि २०१८ मध्ये आले. तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये नेटवर्कच्या सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' असं दिसतं ना, ते हेच. अँड्रॉइड ९ पासून आहे. राउटरमध्ये नुसता ८.८.८.८ टाकला, तर तुमचे प्रश्न अजूनही उघड्या पोस्टकार्डावरच जातात, हे त्या रात्री मला माहीत असूनही मी सांगितलं नव्हतं.

मग पर्याय कोणते, असं विचाराल. ९.९.९.९ आहे, क्वाडनाइन, २०१७ सालचा. हा फसव्या साइट्सचे पत्ते द्यायचंच नाकारतो. घरात पन्नाशीपुढचे, कुठल्याही लिंकवर क्लिक करणारे कोणी असतील तर मी हाच लावतो. १.१.१.१ आहे, क्लाउडफ्लेअरचा, १ एप्रिल २०१८ ला आला, लोकांना आधी एप्रिल फूलच वाटलं. याची एक गंमत आहे. १.१.१.१ हा नंबर कोणाचाच नाही असं समजून कित्येक यंत्र बनवणाऱ्यांनी, हॉटेलच्या वायफाय लॉगिन पानांनी तो आतल्या आत वापरून टाकला होता. २०१० मध्ये प्रयोग म्हणून हा पत्ता नेटवर जाहीर केला, तर कचरा ट्रॅफिकचा असा लोंढा आला की प्रयोग करणाऱ्यांची लाइन भरून वाहिली. त्यामुळे सेवा सुरू झाली तेव्हा काही घरांत १.१.१.१ टाकलं की नेट बंदच व्हायचं, कारण त्यांचा राउटर म्हणायचा, अरे तो तर मीच!

आणि नेटवाल्याचाच डीएनएस ठेवणं हाही मूर्खपणा नाही. तो जवळ असतो. कधीकधी व्हिडिओचा जवळच्या गावातला साठा तोच नीट दाखवतो, परका निरोप्या तुम्हाला लांबच्या सर्व्हरकडे पाठवतो. वेगासाठी म्हणून डीएनएस बदलणाऱ्यांना मी आता हे आधी सांगतो. कोणाला विचारायचं, म्हणजे आपल्या भटकंतीची यादी कोणाच्या हातात द्यायची, हा निवडीचा खरा भाग. मिलिसेकंद नंतर.

आता बहिणीच्या इंटरव्ह्यूकडे. चालू कॉल तुटला, तर दोष डीएनएसचा जवळजवळ कधीच नसतो. कारण पत्ता विचारून झालेला असतो, तुम्ही घरात पोचून चहा पीत बसलेले असता. गप्पा मध्येच थांबल्या तर स्टँडवरच्या माणसाला बोल लावून काय उपयोग? वायर बघा, वायफायचं अंतर बघा, एलओएसचा लाल दिवा बघा. डीएनएसचं दुखणं वेगळं दिसतं. दिवे हिरवे, आधीचा कॉल चालू, पण नवीन साइट उघडत नाही. तपासायची सोपी युक्ती आहे. ब्राउझरमध्ये नावाऐवजी नंबर टाका, १.१.१.१ असंच. पान उघडलं, पण नाव टाकून काहीच उघडत नाही, तर निरोप्या झोपलाय, बदला त्याला. नंबरही उघडत नाही आणि १९२.१६८.१.१ सारखं राउटरचं पान मात्र उघडतं, तर बिघाड राउटरच्या पलीकडे आहे, केबलवाल्याला फोन करा. तेही उघडत नाही, तर गडबड घरातच. हे मी त्या रात्री तीन मिनिटांत विचारू शकलो असतो.

एक वेळ अशीही येते की यातलं काहीच तुमच्या हातात नसतं. ४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र आठवतेय? नऊ वाजून गेले होते आणि व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम सगळं एकदम गेलं. देखभालीच्या एका चुकीच्या कमांडने फेसबुकचं अंतर्गत नेटवर्क तुटलं. त्यांच्या डीएनएस सर्व्हरना वाटलं आपणच आजारी आहोत, आणि त्यांनी स्वतःचा रस्ताच जगाच्या नकाशावरून काढून घेतला. गल्लीतला तो शेवटचा माणूसच गायब. जगातले सगळे निरोपे जाऊन रिकाम्या हाताने परत येत होते. क्लाउडफ्लेअरला त्या वेळी अशा प्रश्नांची संख्या नेहमीच्या ३० पट दिसली. सुमारे सहा तास हे चाललं. त्या रात्री मावशीचा फोन आला होता, नेट गेलंय म्हणून. मी काय म्हणालो असेन? "राउटर बंद करून चालू कर."

हा भाग रेकॉर्ड करायच्या आधी मी बहिणीला फोन केला, तुझी गोष्ट सांगू का म्हणून विचारायला. आता ती पुण्यात नोकरी करते, सुट्टीला सांगलीत आली होती. म्हणाली, सांग, पण नाव नको. मग मी जरा शहाणपणा केला. म्हटलं, तिथल्या राउटरमध्ये अजून माझा ८.८.८.८ आहे, मावशीसाठी ९.९.९.९ करून टाकू का?

"दादा," ती म्हणाली, "नेट नीट चाललंय. हात लावू नकोस."